वाचकांचे प्रश्न : संथ रिमिक्सला सेटमध्ये जागा करून देताना

प्रश्न : मी गेली तीन वर्षे पुण्यात छोट्या कार्यक्रमांतून डीजे म्हणून वाजवतो. माझा सेट बहुतांश वेळ १२० ते १२४ बीपीएममध्ये (मिनिटाला पडणारे ठोके) असतो. अलीकडे एका मित्राने स्वतःच्याच ट्रॅकचा डीप टेक्नो रिमिक्स करून मला दिला. तो १०८ बीपीएमचा आणि साडेनऊ मिनिटांचा आहे. सुरुवातीची दीड मिनिटे त्यात किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) नाही. एक लांब सूर आणि प्रतिध्वनीत विरत जाणारा कॉर्ड, एवढेच ऐकू येते. घरी ऐकताना तो मला अतिशय आवडतो, पण सेटमध्ये दोनदा वाजवला आणि दोन्ही वेळा फसला. पहिल्या वेळी तो १२२ वर ओढून नेला, तेव्हा त्यातला जीवच गेला. दुसऱ्या वेळी मूळ लयीत लावला, तेव्हा नाचणारे थबकले आणि पाणी प्यायला निघून गेले. हा रिमिक्स सेटमध्ये बसवायचा कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रयत्नांत जुळवून घेण्याचा सगळा भार एकाच बाजूवर पडला. पहिल्या वेळी तो रिमिक्सवर पडला आणि दुसऱ्या वेळी नाचणाऱ्यांवर. माझ्या मते हा भार त्याआधी वाजणाऱ्या चार ट्रॅकनी उचलायला हवा. संथ ट्रॅकचे मिक्सिंग तो ट्रॅक लावण्याच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी सुरू होते, आणि ते जमले की शेवटचा सांधा त्या मानाने सोपा जातो.

आधी पहिला प्रयत्न का फसला ते पाहू. १०८ चा ट्रॅक १२२ वर न्यायचा म्हणजे त्याचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढवायचा. की-लॉक बंद असेल, तर सूर हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांहून थोडा अधिक चढतो आणि गंभीर कॉर्ड किरटा होतो. की-लॉक चालू असेल, तर पट्टी तीच राहते; मात्र यंत्र ध्वनीचे बारीक तुकडे करून ते जवळजवळ बसवते, त्यामुळे किकची धार बोथट होते आणि प्रतिध्वनीच्या लांब शेपटीला कंप सुटतो. पाच-सहा टक्क्यांपर्यंत हे सहसा खपून जाते, तेरा टक्क्यांना नाही.

खरे नुकसान मात्र याहून खोल आहे. १०८ बीपीएमला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ०.५६ सेकंदाचे अंतर असते. या जातीच्या संगीतात कॉर्डचा प्रतिध्वनी पुष्कळदा पाऊण ठोक्याच्या अंतराने, म्हणजे इथे सुमारे ०.४२ सेकंदाने, परत येतो. तो बहुतेक वेळा किकवर पडत नाही. ठोक्याच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे पडत, आधीपेक्षा मंद आणि काळसर होत जातो. त्या मंदावण्यामागे जायला कानाला वेळ लागतो आणि रिमिक्स करणाऱ्याने तो वेळ हिशेबाने सोडलेला असतो. १२२ वर हेच अंतर ०.३७ सेकंदांवर येते. ऐकताना तपशील सगळे तेच असतात, पण मधली मोकळी जागा नाहीशी झालेली असते. तुम्हाला जीव गेल्यासारखा वाटला तो यामुळे.

मोकळ्या जागेबद्दल इतका आग्रह धरण्याचे कारण या संगीताच्या कुळात आहे. जमैकातील किंग्स्टनमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किंग टबी यांनी तयार गाण्यांतून आवाज आणि वाद्ये काढून घेत ड्रम आणि बेस उघडे ठेवले, आणि काढून घेतलेल्या गोष्टींचे तुकडे अधूनमधून प्रतिध्वनीत सोडून दिले. डब ही शैली अशी घडली. मिक्सरवर बसलेला माणूस वाद्य वाजवणाऱ्याइतकाच संगीतकार असतो, ही जाण पक्की होण्यात तिचा मोठा वाटा आहे. पुढे बर्लिनमध्ये मोरिट्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनेल हे लेबल सुरू करून डबची ती मोकळी जागा टेक्नोच्या अखंड किकवर आणून ठेवली. तुमच्या मित्राचा रिमिक्स त्याच घरातला दिसतो. त्यात जे वाजत नाही, तेही त्याने विचार करूनच सोडलेले असणार.

तेव्हा वेग उतरवायचा तो सेटचा. १२२ वरून १०८ वर यायला मी चार पायऱ्या ठेवीन : ११९, ११६, ११२ आणि १०८. यातली प्रत्येक पायरी अडीच ते साडेतीन टक्क्यांची आहे. प्रत्येक पायरीवर एक ट्रॅक सहा मिनिटे वाजला, तर उतरणीला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. आकडा उतरवण्याच्या आधी मात्र दाटी उतरवायला हवी, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. नाचणारे शरीर मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजत नाही. एका ठोक्याच्या पोटात किती आघात आहेत, ते मात्र त्याला नेमके जाणवते. १२२ बीपीएमला हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) ठोक्यात चार वेळा वाजत असेल, तर कानावर सेकंदाला आठ आघात पडतात, आणि तोच हॅट ठोक्यात दोनदाच वाजला, तर चार. तबल्यावर लय तीच ठेवून दुगुन आणि चौगुन केली, की बैठकीला वेग चढल्यासारखे वाटते. आपल्याला नेमके याच्या उलट करायचे आहे. म्हणून पहिला विरळ ट्रॅक १२२ वरच लावा. त्यात हॅट कमी, टाळी कमी आणि बेस लांब असावा. डान्स फ्लोअर त्यावर स्थिरावला की मग ११९ वर उतरा. दाटी आधीच कमी झालेली असल्याने आकड्यातला फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पिच फेडर, म्हणजे वेग बदलणारी सरकती कळ, हलवायचा तो ब्रेकडाउनमध्ये, किक थांबलेली असताना. १२२ वरून ११९ वर यायला १६ आवर्तने, म्हणजे साधारण अर्धे मिनिट घ्या. (चार ठोक्यांच्या बारला मी इथे आवर्तन म्हणतो आहे.) फेडर सरळ ओढू नका, बोटाचे टोक त्यावर टेकवून प्रत्येक आवर्तनात केसभर सरकवा. किक चालू असताना फेडर हलवला, तर नाचणाऱ्याचा पाय ठोक्याच्या आधी जमिनीवर पडतो आणि काहीतरी घसरले हे त्याला कळते. किक नसताना पायाकडे मोजमापच नसते. किक परत येते तेव्हा तिचा नवा वेग हाच त्याला मूळ वेग वाटतो.

आता शेवटचा सांधा. तुमच्या रिमिक्सच्या सुरुवातीला दीड मिनिट किक नाही, याला अडचण समजू नका. १०८ बीपीएमला दीड मिनिट म्हणजे जवळपास ४० आवर्तने होतात, आणि एवढी मोठी जागा डीजेला क्वचित मिळते. ११२ वर वाजणारा ट्रॅक त्याच्या ब्रेकडाउनमध्ये १०८ वर उतरवा आणि किक परत आल्यानंतर निदान १६ आवर्तने त्याला तसाच वाजू द्या. मग आठ आवर्तनांचा एखादा खंड सुरू होताना, नेमका समेवर, रिमिक्स सोडा. त्याचा लो नॉब (खालच्या सुरांची कळ) पूर्ण बंद आणि आवाजाचा फेडर तळाशी असावा. हा फेडर सावकाश वर येऊ द्या. पहिली २४ आवर्तने जुन्या ट्रॅकची किक चालू राहील आणि तिच्यावर रिमिक्सचा लांब सूर पसरत जाईल. पंचविसाव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर जुन्या ट्रॅकचा लो काढून घ्या आणि त्याच हाताने रिमिक्सचा लो उघडा. पुढच्या दोन-चार आवर्तनांत जुना ट्रॅक पूर्ण मावळू द्या. आता रिमिक्सची स्वतःची किक यायला १६ आवर्तने, म्हणजे सुमारे ३६ सेकंद उरतात, आणि या वेळात फ्लोअरवर एकही ठोका नसतो.

ती ३६ सेकंदे निभावणे हेच सर्वांत कठीण असते. हात फिल्टरकडे जातो, एखादा इफेक्ट लावावासा वाटतो. काही करू नका. लोक थांबतील, मान वर करतील, एकमेकांकडे पाहतील. पंचवीस मिनिटांची उतरण नीट झाली असेल, तर ते जागा सोडून जाणार नाहीत. नंतर १०८ ची पहिली किक पडते तेव्हा आधीच्या वेगाची आठवण पुसलेली असते, आणि ती किक संथ न वाटता जड वाटते.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी उत्तर गोव्यातल्या एका मोकळ्या जागेत, सूर्य नुकताच बुडालेला असताना, मी १२४ वरून थेट १०५ च्या एका ट्रॅकवर उतरलो. सूर जुळत होता, आवाज चांगला होता आणि ट्रॅक माझ्या अत्यंत आवडीचा होता. पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा पाय उचललेला होता. ठोका आला नाही, तेव्हा तो तसाच अधांतरी राहिला आणि मग तिने तो हळूच वाळूत टेकवला. तो पाय मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या वेळी त्याच जागी तोच ट्रॅक मी अर्ध्या तासाच्या तयारीने लावला आणि शेवटपर्यंत कोणी जागा सोडून गेले नाही.

पट्टीचेही सांगायला हवे. तुमचा रिमिक्स पांढरी सहाच्या मायनरमध्ये आहे असे धरू. सॉफ्टवेअरमधल्या कॅमलॉट चक्रावर, म्हणजे पट्ट्यांना आकडे देणाऱ्या तक्त्यावर, तो ८ए दिसेल. त्याच्याशी ७ए आणि ९ए, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी तीनचे मायनर ट्रॅक जुळतात. आपल्याकडे ज्याला षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम भाव म्हणतात, तेच हे नाते. एरवी चालू किकच्या गर्दीत पट्टीचा थोडा विसंवाद झाकला जातो. इथे मात्र दोन लांब सूर उघड्यावर एकमेकांशेजारी उभे राहणार आहेत, त्यामुळे विसंवाद तत्काळ टोचतो. की-लॉक बंद ठेवून ट्रॅक ३ टक्क्यांनी उतरवला, तर तो अर्धी पट्टी खाली येतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकतो आणि चक्रावरचा आकडा निरुपयोगी ठरतो. सुमारे ६ टक्के उतरवला, तर तो जवळजवळ नेमकी एक पट्टी उतरतो. काळी पाचच्या मायनरमधला ११५ चा ट्रॅक की-लॉकशिवाय १०८ वर आणा. तो पांढरी सहावर येऊन बसेल आणि तुमच्या रिमिक्सशी एकरूप होईल. असे दोन-तीन ट्रॅक हेरून ठेवायला एखादी दुपार द्यावी.

दोन गोष्टी यंत्राच्या. रिमिक्स लोड करण्यापूर्वी त्या डेकचे (ट्रॅक वाजवणाऱ्या यंत्राचे) सिंक बंद करा, नाहीतर यंत्र त्याला चालू ट्रॅकच्या वेगावर आपोआप नेऊन ठेवील. आणि सॉफ्टवेअरने दाखवलेल्या बीपीएमवर विसंबू नका. विरळ ट्रॅकमध्ये ते कधी दीडपट म्हणजे १६२, तर कधी निम्मे म्हणजे ५४ दाखवते. घड्याळ लावून एक मिनिट ठोके मोजणे केव्हाही बरे.

तुम्ही रेकॉर्डवर वाजवत असाल, तर टेक्निक्स एसएल-१२०० या रेकॉर्ड-प्लेअरच्या जुन्या मॉडेलांवर पिच दोन्ही बाजूंना ८ टक्केच हलतो. १२२ ची रेकॉर्ड त्यावर ११२ च्या खाली येत नाही. तिथे पायऱ्यांना पर्याय उरत नाही, आणि याच मर्यादेमुळे रेकॉर्डवर शिकलेल्या डीजेंना क्रमाने उतरण्याची सवय आपसूक लागते.

रिमिक्स संपल्यावर वर चढायला मात्र दोन पायऱ्या पुरतात. वाढणारी लय कान विनातक्रार स्वीकारतो.

प्रश्न : मी नागपूरला राहतो. दोन संथ डीप ट्रॅक एक-दीड मिनिट एकत्र चालू ठेवले की बेस गढूळ होतो. कधी तो एकदम फुगतो, तर कधी नाहीसाच होतो. वेगवान ट्रॅकमध्ये हा त्रास इतका होत नाही. घरी छोट्या स्पीकरवर सराव करताना हे कळतही नाही. चूक कुठे होते? – एक वाचक

उत्तर : बेसचे फुगणे आणि नाहीसे होणे ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत. किकचा मुख्य सूर ५० हर्ट्झच्या आसपास असेल, तर त्याच्या एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात. दोन किक अगदी एकत्र पडल्या, तर लहरी एकमेकींत मिळून आवाज वाढतो. एक किक १० मिलिसेकंद मागे पडली, तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. दहा मिलिसेकंदांचा फरक ठोका चुकल्यासारखा ऐकू येत नाही, पण बेस घालवायला तो पुरेसा असतो.

संथ ट्रॅकमध्ये हे अधिक का जाणवते? एक तर त्यांची किक आणि बेसचा सूर लांब असतात, त्यामुळे एकमेकांवर चढून राहण्याचा काळही लांबतो. दुसरे म्हणजे आपण असे ट्रॅक जास्त वेळ एकत्र चालवतो. एक डेक १०८ वर आणि दुसरा १०८.१ वर असेल, तर एका मिनिटात दोघांत ठोक्याच्या दहाव्या भागाचे, म्हणजे ५५ मिलिसेकंदांचे अंतर पडते. अर्ध्या मिनिटाच्या मिक्समध्ये हे निभावून जाते, दीड मिनिटाच्या मिक्समध्ये घोड्याच्या टापांसारखे दुहेरी ठोके ऐकू येऊ लागतात. म्हणून आकडा दशांशापुढे दोन स्थळांपर्यंत जुळवा, आणि तरीही एक कान हेडफोनमध्ये ठेवून आवर्तनागणिक बोटाने हलका धक्का देत राहा. संगणकाऐवजी यंत्रांवर प्रत्यक्ष वाजवून मुद्रित केलेल्या किंवा जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या ट्रॅकची लय मुळातच थोडी डुलते. तिथे सिंकच्या बटणापेक्षा बोट भरवशाचे.

दोन बेस एका वेळी कधीही उघडे ठेवू नका, हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. संथ ट्रॅकबाबत मी त्यात एक भर घालीन : बेसची अदलाबदल समेवरच करा. वेगवान ट्रॅकमध्ये ती आवर्तनाच्या मधोमध झाली तरी पुढचा ठोका लगेच येऊन सावरून घेतो. संथ ट्रॅकमध्ये बेसचा एकच सूर चार-चार ठोके चालतो आणि तो मध्येच तुटला, की कापड फाटल्यासारखे वाटते.

घरी हे ऐकू येत नाही, यात तुमचा दोष नाही. छोटे स्पीकर ५० हर्ट्झपर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय माणसाचा कान कमी आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले होते. घरी मंद आवाजात जो रिमिक्स पोकळ वाटतो, तोच मोठ्या ध्वनियंत्रणेवर जमीन हलवतो. म्हणून घरी ऐकून बेस वाढवून ठेवू नका. सराव चांगल्या बंद हेडफोनवर करा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ध्वनिचाचणीच्या वेळी संथ ट्रॅकची दोन मिनिटे सभागृहाच्या मध्यभागी आणि मागच्या भिंतीपाशी उभे राहून ऐका. भिंतीपाशी बेस दुप्पट वाटला, तर तो भिंतीचा प्रताप आहे. इक्वलायझर मध्यभागी ऐकून लावा.

प्रश्न : आमच्याकडे मोकळ्यावरचे कार्यक्रम रात्री दहाला बंद होतात, त्यामुळे पाच-सहा जणांच्या यादीत मला बहुधा संध्याकाळी सहा ते साडेसातची वेळ मिळते. एवढ्या कमी वेळात संथ, खोल ट्रॅक वाजवणे योग्य आहे का? की ते रात्र चढल्यावरच शोभतात? – एक वाचक, मडगाव

उत्तर : योग्य तर आहेच, आणि माझ्या मते तुम्हाला मिळालेली वेळ त्या ट्रॅकसाठी सर्वांत चांगली आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, एवढाच अपवाद. त्यामुळे आपल्याकडच्या मोकळ्यावरच्या कार्यक्रमांत नऊ ते दहा ही वेळ शिखराची असते. तिथे १०८ चा ट्रॅक लावणे म्हणजे पुढच्यांचा वेळ खाणे.

सहा वाजता मात्र फ्लोअर रिकामा असतो, लोक येत असतात, बोलत असतात. त्यांना कोणत्याही वेगाची सवय झालेली नसते. पहिल्या उत्तरात जी उतरण सांगितली, तिची तुम्हाला गरजच नाही. तुम्ही १०५ पासून सुरुवात करून दीड तासात ११८ पर्यंत चढू शकता. ख्यालात विलंबित आधी आणि द्रुत नंतर येते, तो क्रम आपल्या कानांत रुजलेला आहे. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित लयीत, चौदा मात्रांच्या झूमऱ्यात, रागाचा विस्तार करीत. सम येईपर्यंत इतका अवकाश असे, की ऐकणाऱ्याला त्यात शांतपणे बसायला जागा मिळे. सुरुवातीच्या डीजेने अशीच जागा करायची असते. एकच पथ्य पाळा : तुमच्यानंतर वाजवणाऱ्याला तो कोणत्या वेगावर सुरू करणार आहे ते आधी विचारा, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याच्या दोन-तीन बीपीएम खाली येऊन थांबा.

तुम्ही गोव्यातले आहात, म्हणून तिथल्याच एका जुन्या पद्धतीची आठवण करून देतो. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे डीजे वाजवत, ते कॅसेट आणि नंतर डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वापरीत, कारण उन्हात आणि दमटपणात रेकॉर्ड टिकत नसत. डॅट यंत्रावर सहसा वेग बदलण्याची सोय नसे, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवून मिक्स करणे शक्यच नव्हते. एका ट्रॅकचा ठोका नसलेला शेवट दुसऱ्याच्या ठोका नसलेल्या सुरुवातीवर ठेवून ते रात्रभर सांधे जुळवीत, आणि पुढे त्या संगीताचे निर्माते मुद्दाम लांब, ठोक्याविना सुरुवाती करू लागले. तुमच्याकडे दोन अगदी भिन्न वेगांचे ट्रॅक असतील आणि पायऱ्यांना वेळ नसेल, तर हीच पद्धत वापरा. वेग जुळवायचा नाही; सूर मात्र जुळलाच पाहिजे.

प्रश्न : माझ्या संग्रहात १३० ते १३८ बीपीएमच्या बऱ्याच जुन्या रेकॉर्ड आहेत. त्यांतलेच काही ट्रॅक खूप उतरवून संथ आणि खोल करता येतील का, की त्यासाठी नव्याने केलेला रिमिक्सच हवा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : येतील, आणि याला सन्माननीय पूर्वपीठिका आहे. बेल्जियममध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीजेंनी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ३३ वर लावून पिच ८ टक्के वर करायला सुरुवात केली. अ स्प्लिट-सेकंड या तिथल्याच गटाची एक रेकॉर्ड अशी वाजवली गेली आणि लोकांना ती इतकी भावली, की त्यातून न्यू बीट ही संथ, जड शैली उभी राहिली. याचा हिशेब सुबक आहे : ३३⅓ भागिले ४५, गुणिले १.०८, म्हणजे बरोबर ०.८. तुमची १३५ ची रेकॉर्ड नेमकी १०८ वर येते आणि पट्टी जवळजवळ चार घरे खाली उतरते.

याची अट एवढीच, की रेकॉर्ड ४५ वर वाजणारी हवी. बारा इंची रेकॉर्डवर एका बाजूला एकच ट्रॅक असेल, तर ती बहुधा ४५ ची असते. लेबलवर पाहून घ्या. माणसाचा आवाज असलेले ट्रॅक टाळा, कारण चार पट्ट्या उतरलेला गळा ओळखीचा राहत नाही. हाय-हॅट मात्र सुंदर होतात. वर असताना जी नुसती खसखस वाटते, तिचे खाली आल्यावर लांब, खरखरीत श्वास होतात. किक लांबते आणि कधीकधी सैल पडते. तशी पडली, तर ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातून थोडा आवाज काढून पाहा. तुमच्या संग्रहातली प्रत्येक रेकॉर्ड एकदा या वेगावर वाजवा आणि जी चांगली वाटेल, तिच्या पाकिटावर पेन्सिलीने उतरलेला बीपीएम आणि उतरलेली पट्टी लिहून ठेवा. ऐन सेटमध्ये अंधारात तेवढेच वाचायला वेळ असतो.